हन्ना : दोन ‘न’ असलेलं नाव

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत नव्या बाळांसाठी नावांची यादी आली आहे. तिच्यात ‘ह’खाली ‘हॅना’ असं नाव आहे आणि पुढे ‘इंग्रजी, अर्थ : फूल’ असं छापलं आहे. माझं नाव हन्ना, मी मराठी बोलणारी ज्यू बाई. बाहत्तर वर्षं मी या नावाच्या हाकेला ओ देते आहे. हे नाव इंग्रजी नाही, त्याचा अर्थ फूल होत नाही आणि मराठीत ते ‘हॅना’ असं लिहीत नाहीत. तिन्ही चुका एकाच ओळीत आहेत, म्हणून हे पत्र.

कात्रण मला खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या सुनेने आणून दाखवलं. तिला मुलगी झाली आहे. पुनर्वसू नक्षत्र, तिसरा चरण, गुरुजींनी अक्षर काढून दिलं ‘हा’. बाळ खांद्यावर, कात्रण हातात, दारातूनच म्हणाली, “टीचर, पेपरात तुमचं नाव आलंय बघा.” (महापालिकेच्या मराठी शाळेत मी तीस वर्षं शिवण शिकवलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी माझगावच्या आमच्या चाळीत मी टीचरच.) मग जरा थांबून म्हणाली, “पण तुम्ही तर हिब्रू म्हणाला होतात. यात इंग्रजी दिलंय. सासूबाई म्हणतात, इंग्रजी नाव नको.” माझ्याकडून ऐकून तिने हे नाव लेकीसाठी मनात धरलं होतं, हे मला तेव्हा कळलं. तुमच्या यादीतल्या एका शब्दाने ते मागे पडलं.

फूल कुठून आलं, याचा मी चार दिवस शोध घेतला. जपानी भाषेत ‘हाना’ म्हणजे फूल. तिथल्या मुलींचं ते नावही असतं. अरबीतही एक ‘हना’ आहे, त्याचा अर्थ सुख, आनंद. ‘हिना’ म्हणजे मेंदी, तीही अरबीच. ही सगळी नावं चांगली आहेत, पण माझ्या नावाचं त्यांच्याशी नातं नाही. उच्चार जवळचा वाटला म्हणून यादी करणाऱ्याने जपानी अर्थ उचलून इंग्रजी स्पेलिंगला लावला असावा. या सगळ्यांपासून माझं नाव वेगळं ओळखायची एकच खूण आहे : त्यातला जोड ‘न’. तुम्ही नेमका तोच काढून टाकलात.

त्या ‘न’बद्दल सांगते. मी पहिलीत गेले तेव्हा शाळेच्या दाखल्यावर माझं नाव ‘हिना’ लिहिलं गेलं. माझे वडील लोअर परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्या संध्याकाळी त्यांनी मला जमिनीवर बसवलं आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर सुतारी पेन्सिलीने माझं नाव हिब्रूत, आमच्या धर्मग्रंथांच्या भाषेत, लिहून दाखवलं. उजवीकडून डावीकडे, तीनच अक्षरं. पहिलं हेत, दाराच्या चौकटीसारखं. मधलं नून, वाकून उभ्या राहिलेल्या माणसासारखं. शेवटचं हे, तीही चौकटच, पण डावा खांब वरपर्यंत न पोचलेला. मग त्यांनी मधल्या नूनच्या पोटात पेन्सिल टेकवून एक टिंब दिलं. “हे टिंब बघ. याला दागेश म्हणतात. अक्षर एक दिसतं, पण टिंबामुळे ते दोन होतं. टिंब गेलं तर नाव उसवलं.” फिटर माणूस, पण ‘उसवलं’ म्हणाले, कारण आई शेजारी मशीनवर बसलेली होती. पुढे शाळेत मुलींना दुहेरी टीप शिकवताना मला प्रत्येक वेळी ते टिंब आठवायचं. वरून धाग्याची एकच रेघ दिसते, ताण आला की कळतं आत दुसरी आहे.

मराठीत ते टिंब लागत नाही, कारण आपल्याकडे जोडाक्षर आहे. न ला न जोडला की काम झालं. मराठी बायबलमध्ये हे नाव ‘हन्ना’ असंच छापतात, आमच्या पत्रिका-पुस्तकांतही तसंच. आपल्या भाषेला हिब्रू काही नवी नाही. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मुंबईत हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं, आणि पेसाह या आमच्या सणाच्या रात्री वाचायची पोथी, हग्गादा, १८४६ साली इथेच मराठी भाषांतरासह निघाली. तेव्हा हे नाव मराठीत कसं लिहायचं, हे इंग्रजी स्पेलिंगला विचारायची गरज नाही.

आता अर्थ. मूळ धातू आहे ह-न-न. यात दोन ‘न’ आहेत, म्हणून नावात दोन ‘न’. याच धातूपासून ‘हेन’ हा शब्द होतो. त्याचं मराठी सरधोपट ‘कृपा’ असं करतात. चूक नाही, पण ‘कृपा’ म्हटलं की ती वरून खाली येते असं वाटतं. हिब्रूत बोलायची रीत अशी की ‘मला तुझ्या डोळ्यांत हेन मिळालं’. म्हणजे कुणीतरी आपल्याकडे मायेने पाहिलं, आपण त्याच्या नजरेत भरलो. बायबलातली रूथची गोष्ट ज्यांना माहीत आहे त्यांना हे लगेच कळेल. मवाबातून आलेली ती विधवा बवाजाच्या शेतात पडलेली कणसं वेचत असते. तो तिला पाणी प्यायला सांगतो, दुसऱ्या शेतात जाऊ नको म्हणतो. ती जमिनीपर्यंत वाकून विचारते, मी परकी बाई, तुझ्या डोळ्यांत मला हेन का मिळावं? तिथे हाच शब्द आहे.

याच धातूचा आणखी एक शब्द माझ्या मुलीने मला दाखवला. ती इस्राएलमध्ये अश्दोदला असते. मी तिच्याकडे गेले होते तेव्हा दुकानाच्या काचेवर मोठ्या अक्षरांत ‘हिन्नाम’ लिहिलेलं होतं. म्हटलं, हे काय? म्हणाली, “आई, फुकट. एकावर एक फुकट.” मी तिथेच उभी राहिले. जे मागे काही हिशेब न ठेवता दिलं जातं ते हिन्नाम, आणि माझं नाव त्याच घरातलं. तिसरा शब्द आहे ‘तेहिन्ना’, म्हणजे आर्जव, काकुळतीने केलेलं मागणं. देणाऱ्याची माया आणि मागणाऱ्याचं आर्जव, दोन्ही एकाच धातूच्या पोटात. मराठीत मला असा शब्द सापडत नाही. म्हणून हन्नाचा अर्थ एका शब्दात सांगायचा तर ‘कृपा’ म्हणा, पण मागणारीचं नाव आहे हे विसरू नका. कारण ज्या बाईमुळे हे नाव आम्हाला मिळालं, तिने आयुष्यभर लोकांना आठवेल असं एकच केलं : तिने मागितलं.

तिची गोष्ट बायबलात शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात अगदी सुरुवातीला आहे. एलकानाच्या दोन बायका, हन्ना आणि पनिन्ना. पनिन्नाला मुलंबाळं, हन्नाला नाही. दरवर्षी सगळं कुटुंब शिलोला देवाच्या मंदिरात जायचं आणि दरवर्षी पनिन्ना तिला टोचून टोचून रडवायची. नवरा भला माणूस. म्हणायचा, रडतेस कशाला, मी तुला दहा मुलांहून जास्त नाही का? यावर हन्नाने काय उत्तर दिलं ते पुस्तकात नाही. ती जेवणावरून उठते आणि मंदिरात जाऊन उभी राहते. नवस करते : मुलगा दे, तो तुलाच वाहीन. मोठ्याने नाही, मनातल्या मनात. ‘रक सेफातेहा नाओत’, फक्त तिचे ओठ हलत होते. दाराच्या खांबापाशी बसलेला म्हातारा याजक एली ते पाहतो आणि त्याला वाटतं, बाई प्यायलेली आहे. ती म्हणते, नाही महाराज, मी प्यायलेली नाही, मी जीव ओतते आहे.

आमच्या धर्मपंडितांनी प्रार्थना कशी करावी याचे नियम घातले ते या बाईकडे पाहून. ओठ हलले पाहिजेत, आवाज बाहेर येता कामा नये, मन तिथेच हवं. आजही मुख्य प्रार्थना आम्ही तशीच म्हणतो. पुरुषही. नव्याच्या सणाला, म्हणजे आमच्या नव्या वर्षाला, पहिल्या दिवशी प्रार्थनास्थळात हीच गोष्ट वाचतात. लहानपणी मी बायकांच्या बाजूला आईला चिकटून बसलेली असायचे. हिब्रू फारसं कळायचं नाही, पण वाचता वाचता माझं नाव यायचं, घशातून घासून आलेल्या त्या ‘ह’सकट, आणि पलीकडून वडील मान वळवून माझ्याकडे पाहायचे. वर्षातून एकदा भर सभेत माझ्या नावाचा पुकारा व्हायचा. माझ्या वर्गातल्या कुठल्याच मुलीला असं काही नव्हतं.

हन्नाला मुलगा होतो, तिने नाव ठेवलं शमुवेल. अंगावरचं दूध तुटल्यावर बोलल्याप्रमाणे ती त्याला शिलोला नेऊन सोडते. यापुढचं एक वाक्य लोक घाईने वाचून पुढे जातात. त्याची आई दरवर्षी त्याच्यासाठी एक लहानसा अंगरखा करायची आणि वार्षिक यज्ञाला जाताना नेऊन द्यायची. मी शिवणाची बाई, माझं लक्ष तिथेच अडतं. मूल समोर नाही. वर्षात ते किती वाढलं असेल? बाही किती ठेवायची? बगलेत किती माया सोडायची? (कापडाच्या कडेला शिवणीपलीकडे सोडतो त्या जादा पट्टीला आम्ही माया म्हणतो.) अश्दोदच्या नातवासाठी मीही दरवर्षी एक सदरा शिवून पाठवते. माप फोनवर विचारत नाही. अंदाजाने कापते, आणि दोन बोटं माया जास्त ठेवते.

शमुवेल नावाशी मुंबईचा संबंध आहे, तोही सांगितला पाहिजे. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या सात पुरुष आणि सात बायकांपासून आम्ही वाढलो असं परंपरा सांगते. कोकणात आमची माणसं घाण्यावर तेल काढायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून शनिवार तेली. आडनावं गावावरून : पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहीमकर. नावं हिब्रूच राहिली, फक्त त्यांना मराठी वळण आलं. यहेज्केलचा हसाजी, बेन्यामीनचा बेनाजी, अब्राहामचा अबाजी, आणि शमुवेलचा सामाजी. असाच एक सामाजी हसाजी दिवेकर ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत अधिकारी होता. टिपू सुलतानाशी झालेल्या लढाईत तो कैदेत सापडला. सुटलो तर देवाचं घर बांधीन असा त्याने नवस केला, असं आमच्या घराघरात सांगतात. त्याने १७९६ साली मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनास्थळ, बांधलं. आमचे जुने लोक सिनेगॉगला मशीदच म्हणत, आणि मशीद स्टेशनचं नाव याच जुन्या मशिदीवरून पडलं असं ते सांगत. ती मांडवीला सॅम्युअल स्ट्रीटवर आहे. सॅम्युअल म्हणजे हाच सामाजी, असं वडील सांगायचे. मला तिथे पहिल्यांदा घेऊन गेले तेव्हा हमालांच्या हातगाड्यांतून वाट काढत म्हणाले, “हन्नाचा मुलगा शमुवेल. ही तुझ्या मुलाची गल्ली.” मी आठ वर्षांची होते. घरी येऊन आईला विचारलं, मला मुलगा आहे का?

त्या सिनेगॉगचं नाव शाआर हारहमीम, दयेचं दार. ‘रहमीम’ हा शब्द ‘रेहेम’पासून येतो, म्हणजे आईचं गर्भाशय. प्रार्थनेत देवाला ‘रहूम वेहन्नून’ म्हणतात, दयाळू आणि कृपाळू. दुसऱ्या शब्दात माझं नाव ऐकू येतं ना? पुन्हा जोड ‘न’. नागपाड्याला राहणाऱ्या माझ्या एक सहकारी बाई उर्दू शिकवायच्या. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “अहो, आमच्या कुराणातल्या सूरह मरियममध्ये याह्याबद्दल ‘हनान’ हाच शब्द आहे, अल्लाहने त्याला आपल्याकडून माया दिली.” याह्या म्हणजे बायबलातला योहान. योहानचं हिब्रू रूप योहानान, ‘याहने, म्हणजे देवाने, कृपा केली’. म्हणजे त्या धातूने तिथेही साथ सोडलेली नाही. मधल्या सुट्टीत डबे उघडे ठेवून आम्ही दोघी किती वेळ नुसत्या एकमेकींकडे पाहत होतो.

‘इंग्रजी’ हा शिक्का कसा बसला तेही थोडक्यात सांगते. हिब्रूतून हे नाव ग्रीकमध्ये गेलं. ग्रीकांनी ‘ह’ टाकला, ‘अन्ना’ झालं. त्यातून अ‍ॅना, अ‍ॅन, आनी. माझगावचं सेंट अ‍ॅन्स चर्च माझ्याच नावाचं आहे, फक्त ‘ह’ गळालेला. माझी आजी, जिच्यावरून माझं नाव ठेवलं, तिला रेवदंड्याच्या शेजारणी ‘अन्नाबाई’ म्हणायच्या. ग्रीकांनी केलं तेच त्यांनी केलं. योहानानचाही असाच जॉन झाला. पुढे इंग्रज लोक बायबलातली नावं मुलांना ठेवू लागले तेव्हा ‘ह’ परत आला. त्यांच्या स्पेलिंगमध्येही दोन ‘एन’ आहेत आणि शेवटी ‘एच’ आहे, ती वडिलांनी काढलेली अपुऱ्या खांबाची चौकट. इंग्रजांनी ते नाव घेतलं आणि नीट जपलं. पण त्यांनी ते घेतलं, तसं मराठीनेही घेतलंच आहे.

चूक बारीक आहे, असं कुणी म्हणेल. माझ्या शाळेच्या दाखल्यावर ‘हिना’, एसएससीच्या प्रमाणपत्रावर ‘हाना’ आणि सेवापुस्तकात ‘हन्ना’ होतं. निवृत्त झाले तेव्हा या तिघी एकच बाई आहेत हे सिद्ध करायला मला आठ महिने लागले. स्टॅम्पपेपर, नोटरी, दोन साक्षीदार. खिडकीपलीकडच्या तरुण मुलाने मला विचारलं, “आजी, तुमचं खरं नाव कुठलं?” तो उद्धट नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. आठ महिने पेन्शन अडली त्यापेक्षा तो प्रश्न मला जास्त लागला. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आता एखाद्या कचेरीत तरी आमची नावं ओळखीची वाटतील. माणसं थोडी उरली आहेत. आमच्या चाळीत एके काळी बेने इस्राएलांची अकरा बिऱ्हाडं होती, आज मी एकटी आहे. नाव सांगितलं की बहुतेकांचा पुढचा प्रश्न ठरलेला, “ख्रिश्चन का?” सांगायला मला आवडतं, अगदी बसस्टॉपवरही सांगते. डॉ. ई. मोझेस रोडवरून रोज हजारो लोक जातात. त्यातला ‘ई’ म्हणजे एलायजा, आमचा एलियाहू, आणि हे डॉक्टर १९३७-३८ साली मुंबईचे महापौर होते, हे सांगितलं की लोक आनंदाने ऐकतात. माणसांना जाणून घ्यायचं असतं. त्यांच्या हातात बरोबर माहिती पडली पाहिजे, आणि ते काम वर्तमानपत्राचं आहे.

तुमच्या यादीत ‘सारा’ हे नावही ‘संपूर्ण’ या अर्थाने हिंदी म्हणून दिलं आहे. कुणी त्या अर्थाने ठेवत असेल तर ठेवो, पण अब्राहामाची बायको सारा हिचं नाव हिब्रू आहे आणि त्याचा अर्थ सरदारीण, राजघराण्यातली स्त्री. ‘नाओमी’ यादीत नाही. घालायचं असेल तर तिचा अर्थ गोड, रमणीय.

खालच्या मजल्यावर बारसं येत्या रविवारनंतरच्या गुरुवारी आहे. नाव त्यांनी काय ठेवायचं ते त्यांच्या घरात ठरेल, मी त्यात बोलणार नाही. पण ठरवताना त्यांच्यासमोर खरं असावं. म्हणून दुरुस्ती येत्या रविवारच्याच पुरवणीत यावी, ही कळकळीची विनंती. माझं बाकीचं पत्र जागेअभावी गाळलंत तरी चालेल, एवढ्या दोन ओळी छापा :

हन्ना – हिब्रू नाव. अर्थ : कृपा, मायेची नजर, शमुवेलाच्या आईचं नाव.
लिहिताना ‘न’ला ‘न’ जोडावा.

आपली वाचक,
हन्ना
माझगाव, मुंबई